गोष्टीच्या पुस्तकांत एम.ए.?

"पुढे स्कोप काय?"

आपल्या हॉस्टेलवर हा प्रश्न दिवसातून किमान चार वेळा ऐकू येतो. ब्रँच घेताना, इलेक्टिव्ह घेताना, आणि आमच्या मजल्यावरच्या एका सीनियरचं ऐकाल तर मुलगा पसंत करतानासुद्धा! गेल्या दिवाळीत हाच प्रश्न मी घरात सगळ्यांसमोर विचारला, आणि त्याची टोचणी अजून गेलेली नाही. मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिही म्हणून मागे लागलेल्या मैत्रिणीला मी "हॉस्टेल लाइफ" वर लिहिते म्हणाले होते. पण लिहायला बसले आणि हेच आलं.

माझी मावसबहीण, आमची ताई, कॉम्प्युटर इंजिनिअर. पुण्यात तीन वर्षांची नोकरी, पॅकेज चांगलं. दिवाळीला आम्ही सगळे मामाकडे जमलो होतो, आणि फराळाच्या ताटावर तिनं बॉम्ब टाकला. "मी नोकरी सोडतेय. बालसाहित्यात मास्टर्स करायला जाणार आहे. दोन वर्षं."

मावशी एकदम उठून स्वयंपाकघरात गेली. काकांनी चिवड्यातले शेंगदाणे वेचणं चालूच ठेवलं. मामा म्हणाला, "म्हणजे बालवाडी काढणार का गं?" आणि मी, घरातली दुसरी (अर्धीमुर्धी) इंजिनिअर, मागे राहते होय! म्हटलं, "ताई, गोष्टीच्या पुस्तकांत एम.ए.? व्हायव्हाला काय विचारणार, सशाचं पुढे काय झालं? आणि पुढे स्कोप काय?"

सगळे खो खो हसले. ताईसुद्धा हसली. रात्री गच्चीवर आम्ही दोघीच होतो तेव्हा मात्र तिनं मला एवढंच विचारलं, "आजीचे चांदोबा होते ना गं ट्रंकेत, ते कुठे आहेत?"

त्याचं उत्तर मला माहीत होतं. ते पुढे सांगते.

आधी हा विषय म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मलाही तेव्हा माहीत नव्हतं. जगात बऱ्याच ठिकाणी हा रीतसर शिकवतात. इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठात (हो, ते गावाचंच नाव आहे!) १९८४ साली बालसाहित्याचं एम.ए. सुरू झालं. २०१९ पासून ग्लासगो विद्यापीठ आणि युरोपातली आणखी काही विद्यापीठं मिळून दोन वर्षांचा एक कोर्स चालवू लागली. विद्यार्थी एका देशातून दुसऱ्या देशात जात शिकतात. आपली सहा महिन्यांची इंडस्ट्रियल ट्रेनिंग कुठल्या एमआयडीसीत मिळेल याची आपण चिंता करतो, त्यापुढे हे जरा भारीच वाटतं. यात मुलांसाठी गोष्टी कशा लिहाव्यात हे शिकवत नाहीत, किंवा ते मुख्य नाही. मुलांसाठी कोणी, कधी, काय लिहिलं, कोणत्या मुलांसाठी लिहिलं, आणि त्या काळात 'मूल' कशाला म्हणत होते, हा अभ्यास. त्यातला शेवटचा भाग म्हणजे बालपणाचा इतिहास.

बालपणाला कसला आलाय इतिहास? मलाही असंच वाटलं होतं. बालपण काय, आदिमानवालाही होतं!

ताईनं मला पहिली जी गंमत सांगितली ती जॉन न्यूबेरी या लंडनच्या प्रकाशकाची. १७४४ साली त्यानं मुलांसाठी एक छोटं पुस्तक काढलं. किंमत सहा पेन्स. पण आठ पेन्स दिले तर मुलाला पुस्तकाबरोबर चेंडू मिळायचा आणि मुलीला टाचण्या खोचायची गादी. चेंडूची एक बाजू लाल, एक काळी. चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी टोचायची, वाईट वागलं की काळ्या. म्हणजे कॉम्बो ऑफर आणि इंटर्नल असेसमेंट एकाच पुस्तकात! मला हसू आलं, पण ताई म्हणाली, नीट बघ. मुलाला चेंडू आणि मुलीला टाचण्यांची गादी. पुस्तकातला एक शब्दही न वाचता तुला कळलं की नाही त्या घरात मुलगा कोण होणार आणि मुलगी कोण होणार?

दुसरी गोष्ट आपल्या जवळची. १७८२-८३ साली पॅरिसमध्ये बेर्कँ नावाच्या लेखकानं मुलांसाठी दर महिन्याला गोष्टी आणि छोट्या नाटिका काढल्या. त्याला १७८४ मध्ये फ्रेंच अकादमीचं बक्षीस मिळालं. ते इंग्रजीत गेलं आणि तिथून १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ते मराठीत आणलं, 'बाळमित्र' या नावानं. त्याच वर्षी त्यांची 'इसापनीती'ही आली. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील बालपुस्तकांपैकी ही. म्हणजे पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षं झालेली, आणि मुंबईतलं एखादं मूल पॅरिसच्या शहाण्या मुलांच्या गोष्टी वाचून शहाणं होतंय. चांगलं मूल कसं असतं, हे त्याला फ्रान्समधून इंग्लंडमार्गे कळतंय.

हे ऐकलं आणि मला माझीच आठवण झाली. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी बोललं की पाच रुपये दंड. घरात कपाटभर एनिड ब्लायटन. सुट्टीत मामाकडे आले की मी विहिरीपाशी स्मगलर शोधायचे, आणि जिंजर बीअर म्हणजे काय हे माहीत नसल्यामुळे आजीला आल्याचं सरबत करायला लावायचे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्यात विद्या भवनला शिकतो, सायकलवरून हिंडतो, हे मला त्याच्यावरचा २०१७ चा सिनेमा आल्यावर कळलं! त्यात एनिड ब्लायटनचा काही दोष नाही, अजूनही ती पुस्तकं मला आवडतात. पण दोनशे वर्षांनीही मी 'बाळमित्र'च्याच रांगेत उभी होते की.

आता थोडं सिरिअस.

१९६० साली फिलिप आरिएस या फ्रेंच माणसाचं बालपणाच्या इतिहासावर एक पुस्तक आलं आणि तेव्हापासून या विषयात भांडणं सुरू झाली ती अजून चालू आहेत. हा माणूस प्रोफेसर नव्हता. उष्ण प्रदेशातल्या शेतीच्या माहितीचं काम करणाऱ्या संस्थेत नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी इतिहास लिहायचा. स्वतःला 'रविवारचा इतिहासकार' म्हणवून घ्यायचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की मध्ययुगातल्या युरोपात आपल्या अर्थाचं बालपण नव्हतंच. आईशिवाय किंवा दाईशिवाय निभावू लागलं की मूल मोठ्यांच्यात मिसळायचं, तेच काम, तेच खेळ, तसेच कपडे. शाळेतसुद्धा दहा वर्षांचा आणि वीस वर्षांचा एकाच वर्गात बसायचा. पुढे वयाप्रमाणे वर्ग आले, वसतिगृहं आली, शिस्त आली, आणि शाळेनं मुलांना मोठ्यांच्या जगातून बाजूला काढून ठेवलं. शाळा जितकी लांबली तितकं बालपण लांबलं.

हे वाचताना मी हॉस्टेलच्या कॉटवर होते, आणि खाली रेक्टर मॅडम ओरडत होत्या, "मुलींनो, साडेनऊ वाजले!"

मी वीस वर्षांची आहे. मतदान करते. पण नाइट आउटला बाबांची सही लागते, आणि ती फॅक्सनं नाही, निदान व्हॉट्सॲपवर चालते एवढीच प्रगती. (रेक्टर मॅडम, तुमच्याबद्दल तक्रार नाही. नियम तुम्ही केलेला नाही हे माहीत आहे. मुलांच्या हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, हे फक्त नोंदवून ठेवते.)

आरिएसचं सगळं खरं मानू नका. १९८३ मध्ये लिंडा पोलॉक या बाईंनी इंग्लंड-अमेरिकेतल्या चारशेहून जास्त डायऱ्या आणि आत्मचरित्रं तपासली आणि दाखवलं की जुन्या काळचे आईबापही मुलांसाठी जीव टाकत होते, मूल गेलं की कोसळत होते. मला हे जास्त पटतं. माया होतीच. पण मूल कोणाला म्हणायचं आणि कुठपर्यंत, ही रेघ मात्र माणसांनी ओढली, खोडली, पुन्हा ओढली. आपल्याकडे तर ती कायद्याच्या पुस्तकातच दिसते. १८६० च्या पिनल कोडात मुलीचं संमतिवय दहा. १८९१ मध्ये ते बारा झालं, तर केवढा गदारोळ! लोकमान्य टिळकांनी त्या बिलाला विरोध केला होता. चौथीत मी टिळकांवर भाषण केलं होतं, त्यात शेंगा होत्या, टरफलं होती, संमतिवयाचं बिल नव्हतं. त्याच्या आधी काही वर्षं मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, पुढे नवऱ्याकडे नांदायला जायला नकार. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ ला तडजोड झाली, आणि त्या पुढे शिकून डॉक्टर झाल्या. मग शारदा कायदा आला १९२९ ला, मुलीच्या लग्नाचं वय चौदा. १९४९ ला पंधरा. १९७८ ला अठरा. २०२१ मध्ये एकवीस करायचं विधेयक आलं, ते लोकसभेची मुदत संपल्यावर २०२४ मध्ये बारगळलं.

दहा, बारा, चौदा, पंधरा, अठरा. प्रत्येक आकड्याच्या अलीकडे मूल, पलीकडे बाई.

आमची आजी यातल्या पंधराच्या पलीकडची. १९६८ साली, नववी झाल्या झाल्या, सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. कायद्यानं अगदी बरोबर. कराडजवळच्या गावात मोठं खटलं, पहाटे चारला उठून चूल. तिचा थोरला भाऊ सातारला नोकरीला होता. तो येता-जाता तिच्यासाठी चांदोबा आणायचा. माहेरी असताना ती वाचायची म्हणून. चांदोबा म्हणजे मद्रासहून निघणाऱ्या 'चंदामामा'ची मराठी आवृत्ती, आता बंद पडलेली. विक्रम आणि वेताळाचं ते झाडाखालचं चित्र आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आईबाबांना विचारा, डोळे चमकतात की नाही बघा. आजी ते अंक धान्याच्या कणगीमागे ठेवायची आणि दुपारी सगळे लवंडले की वाचायची. एकदा सासूबाईंनी पकडलं. "पोर आहेस का आता तू?" म्हणाल्या.

सोळा वर्षांची होती हो ती! आज अकरावीला असती.

पण ती वाचत राहिली. आई, मावशी आणि मामा झाल्यावर त्यांच्यासाठी म्हणून उघड वाचायला लागली. सगळे अंक तिनं एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले होते.

आता ते उत्तर. मी आठवी पास झाले त्या उन्हाळ्यात मामानं जुन्या घराची कौलं उतरवून स्लॅब घालायला काढला. आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मावशीकडे. सामान हलवताना ट्रंक उघडली. मामा म्हणाला, "ही रद्दी काढून टाका." मी आणि मामेभावानं ते अंक सायकलच्या कॅरिअरला बांधून रद्दीवाल्याकडे नेले. चौदा किलो. आठ रुपयांनी एकशे बारा. आम्ही उसाचा रस प्यायलो. मला तेव्हा मराठी अडखळत वाचता यायचं, म्हणून मी एकही अंक धड उघडूनसुद्धा पाहिला नाही. एकावर आतल्या पानात पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं होतं एवढं आठवतं. काय, ते नाही आठवत.

आजी परत आली तेव्हा तिनं विचारलं, ट्रंक कुठाय? मामा म्हणाला, रिकामी केलीय, वापरायला घे. तिनं काही म्हटलं नाही. हल्ली तिच्यात गोधड्या ठेवते.

ताईला नेमकं तेच पेन्सिलचं लिखाण हवं होतं. चांदोबाचे जुने अंक शोधले तर कुठेतरी मिळतील. पण कोणत्या पानावर कोणी काय लिहिलं, कुठे नाव घातलं, कुठे राक्षसाला मिशा काढल्या, कोणतं पान हाताळून मऊ झालं, ते फक्त त्याच प्रतीत असतं. मुलं इतिहास लिहीत नाहीत. ती मागे काही ठेवतात ते असं. आणि तेच आपण सगळ्यात आधी रद्दीत घालतो. आयोना आणि पीटर ओपी नावाच्या इंग्लंडमधल्या नवरा-बायकोनं (हेसुद्धा प्रोफेसर नव्हेत) सुमारे वीस हजार बालपुस्तकं जमवली. १९८८ मध्ये लोकांकडून वर्गणी काढून ती ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत ठेवली. त्याच जोडप्यानं शाळाशाळांतून पाच हजार मुलांची गाणी, कोडी, शिव्या, शपथा गोळा करून १९५९ ला पुस्तक काढलं. मुलांच्या शिव्या! आपल्याकडच्या साहेबांना असा प्रोजेक्ट दाखवला तर?

आपल्याकडे काहीच नाही असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. मालतीबाई दांडेकरांनी मराठी बालसाहित्याचा मोठा आढावा लिहून ठेवलाय. वा. गो. आपट्यांचा 'आनंद' १९०६ पासूनचा. बालभारतीचा 'किशोर' १९७१ ला निघाला आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात, सबमिशनच्या आदल्या रात्री उघडू नका, जर्नल राहून जाईल. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार देते. पण पुरस्कार म्हणजे अभ्यास नव्हे. माझी एक मैत्रीण मराठीत एम.ए. करतेय, तिला बालसाहित्य हा एक ऐच्छिक पेपर आहे. तो घेतला म्हणून वर्गातले हसले म्हणे. आमच्याच दिवाळीसारखे.

ताईचं सगळंच मला पटतं असं नाही. तिच्या वाचनात एका इंग्लिश बाईंचं १९८४ चं पुस्तक आहे, त्यांचं म्हणणं असं की बालसाहित्य हे खरं मुलांचं नसतंच, मोठ्यांना हवं तसं मूल त्यात रंगवलेलं असतं. मला हे ताणलेलं वाटतं. कणगीमागे बसून वाचणाऱ्या मुलीला कोणी काय रंगवलंय याच्याशी काय देणंघेणं? वेताळ पुन्हा झाडावर जातो की नाही, एवढंच.

बरं, आपला म्हणजे इंजिनिअरचा याच्याशी काय संबंध? माझ्या मेकॅनिकलमधलंच उदाहरण देते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला सुटा भाग धोक्याचा आहे की नाही, हे तपासायला एक छोटं नळकांडं असतं, व्यास ३१.७ मिमी, तळ तिरका. लहान मुलाच्या घशाचं ते माप. भाग त्यात पूर्ण मावला तर खेळणं नापास. आपल्याकडे २०२१ च्या जानेवारीपासून खेळण्यांना बीआयएसची अट सक्तीची झाली, तेव्हापासून अशा चाचण्या टाळता येत नाहीत. म्हणजे मूल आपल्या ड्रॉइंगमध्ये टॉलरन्ससकट आलेलंच आहे. आपल्यातलेच काही जण उद्या मुलांसाठी ॲप लिहिणार, आणि २०२३ च्या डेटा कायद्यात अठराच्या आतला प्रत्येक जण मूल. घशाचं माप कोणीतरी नीट घेतलं, म्हणून नळकांडं झालं. डोक्यात काय चालतं, त्याचं माप घेणारं कोणी नको? त्याला मात्र आपण विचारतो, स्कोप काय.

आणि नाक्यावरच्या टपरीवर आपल्याला कटिंग आणून देणारा छोटू. बाराचा असेल, तेराचा असेल. चौदाच्या आतल्याला कामाला ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर सरळ गुन्हा आहे, फक्त घरचा धंदा असेल तर शाळा सुटल्यावर मदतीची सूट. मालक म्हणतो, पुतण्या आहे. आम्ही वीस वर्षांच्या 'मुली' त्याला ग्लास उचलायला सांगतो. त्याचं खरं नाव मला अजून माहीत नाही. विचारलं नाही कधी.

ताई सप्टेंबरमध्ये गेली. स्कॉलरशिप मिळाली, त्यामुळे काकांचा चेहरा जरा सैल झालाय. मावशी अजून शेजारणींना "लिटरेचरमध्ये मास्टर्स" एवढंच सांगते, 'बाल' गाळून. जायच्या आधी ताईनं माझ्यावर एक काम सोपवलं. दर रविवारी आजीला फोन करायचा, आणि ती लहानपणी काय वाचायची, कोणाकडून मिळायचं, कुठे लपवायची, कोणाला वाचून दाखवायची, हे विचारून रेकॉर्ड करायचं. पुस्तकं गेली, निदान वाचणारी आहे. मी हो म्हटलं. एकशे बारा रुपयांची फेड, दुसरं काय!

सहा रविवार झाले. आजीला गोष्टींपेक्षा जाहिराती जास्त आठवतात, आणि माहेरच्या वाचनालयातला एक पेटीमास्तर, जो पुस्तक परत करताना पानं मोजायचा. पेन्सिलच्या लिखाणाचं मी अजून विचारलेलं नाही. धीर होत नाही.

परवाच्या रविवारी तिनंच मला मध्येच थांबवलं. "काय गं, हे सगळं तुला मार्कांना आहे का?"

"नाही आजी. असंच."

"असंच?" ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "थांब मग. दार लोटून येते."